मागून आणलेली बाग

फलटणला बाग करायची म्हणजे आधी पाण्याचं बघावं लागतं. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या ईशान्येला, आमच्या तालुक्यात, ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी माणसं साल बरं गेलं म्हणतात. ज्येष्ठात ढग येतात, वारा सुटतो, दुपारीच अंधारून येतं आणि ढग तसेच पुढं निघून जातात. डोंगराच्या पलीकडंच ते रिकामे झालेले असतात. आमचा भरवशाचा पाऊस परतीचा, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा. नीरेचा उजवा कालवा तालुक्यात आला, त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं आणि फलटणच्या बागायतीचं नाव झालं. पण ते पाणी रानाचं. गावातल्या दोन भिंतींमधल्या परसाला ते कुठून मिळणार? बाणगंगा गावातूनच जाते, पण पाऊस झाला की तेवढी वाहते. त्यामुळं मलठणातल्या आमच्या जुन्या घराचं परस जगायचं ते घरानं एकदा वापरून झालेल्या पाण्यावर.

हे पाणी कुणाचं, कुठं आणि कधी जायचं, याचा सगळा कारभार आजीच्या हातात होता. तिला घरातले सगळेच आक्का म्हणत. तांदळाचं धुवण आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला. भाजी धुतलेलं पुदिन्याला. भांडी राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासली जात, म्हणून विसळण्याचं पाणीही निर्धोक. ते पेरूच्या आळ्यात. न्हाणीचं पाणी एका उथळ पाटानं निघायचं आणि आधी अळवाला, मग कर्दळीला, मग केळीच्या बुडाशी जायचं. न्हाणीच्या पाण्यातला साबण आणि मळ सोसायला ही तिन्ही झाडं धट्टीकट्टी असतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या सासूनं पाट तसाच आखलेला होता. रविवारी घरातल्या बायका शिकेकाईनं न्हायच्या. त्या दिवशी पाटाच्या तोंडाशी एक वीट सरकवून पाणी मोगऱ्याकडं वळवायचं, हे काम पोरांचं. आमच्यातलं कुणी विसरलं की स्वयंपाकघरातूनच आवाज यायचा, "ईट सरकिवली का रं? मोगरा तान्हेला हाय त्यो!"

अजूनही शिकेकाईचा वास आला की मला पहिल्यांदा केस आठवत नाहीत, ती वीट आठवते. खालून ओली, वरून उन्हानं तापलेली.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आक्का सांगायची त्या मोठमोठ्या नव्हत्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेलेली माणसं, तिथं मिळणारी सुकडी, रेशनावरची तांबडी मिलो, हे सगळं ती सांगायची. पण त्याच दमात परसातलं काय गेलं तेही सांगायची. आधी केळी गेली. मग अळू जमिनीखाली गेलं. लिंबोणी वाळली आणि तिचं सरपण झालं. शेवगा मात्र पाण्यावाचून उभा राहिला, त्याच्या पाल्याच्या भाजीवर घरानं दिवस काढले. तुळशीला मात्र रोज एक पेला पाणी मिळत राहिलं. तो पेला आमच्या आजोबांच्या संध्याकाळच्या पाण्यातला. ते जेवताना अर्धा तांब्या पीत आणि उरलेला उठून तुळशीत ओतत. आक्काला हे ठाऊक होतं, आजोबांना ती कमी पीत नाही ना एवढीच काळजी होती, आणि दोघंही त्यावर एकमेकांशी कधी बोलले नाहीत. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आमच्या बागेत विकत आणलेलं झाड नव्हतं. प्रत्येक झाडाला एक माणूस होतं. मोगरा गिरवीच्या आत्याकडचा. जाई पोस्टातल्या काकूंची. आळीतलं बिऱ्हाड सोडून त्या बदलीच्या गावी जाताना वेलाच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून देऊन गेल्या. अळवाचे कांदे विडणीच्या मामांनी पोत्यातून आणले. गवती चहा आईनं माहेराहून आणला. कढीपत्ता आक्काच्या सासूचा, म्हणजे घरातल्या कुणापेक्षाही थोरला. त्याच्या मुळांतून फुटवे येत, ते फुटवे घेऊन अर्ध्या गल्लीत कढीपत्ता झाला होता. कुणाच्या दारचं झाड वाळलं तर माणसं आमच्याकडं यायची ती मागायला आल्यासारखी नाही, आपलं ठेवलेलं न्यायला आल्यासारखी.

चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, असं आपल्याकडं बोललं जातं. आक्काला हे अजिबात पटायचं नाही. "मागून आण," ती म्हणायची. "मागितलं म्हंजी ती बाई बोलती. कुठं लाव, किती पानी घाल, समदं सांगती. चोरून आणल्यावर कोन सांगनार?" मला वाटतं तिचं बरोबर होतं. फांदीबरोबर जी माहिती येते ती फांदीइतकीच मोलाची असते. जाईला पूर्वेची भिंत लागते, मोगऱ्याची छाटणी थंडी संपतासंपता करावी, पाणी काही दिवस तोडलं आणि मग सोडलं की तो भरून फुलतो, शेवगा घराला खेटून लावू नये कारण त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि वावटळीत फांदी कौलांवर येते: हे सगळं आमच्या घरात रोपांबरोबर चालत आलं. ज्या बायकांनी ते सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं.

आणि वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तरडगावाहून फलटणला येते, विमानतळावर तिचा तळ पडतो आणि दुसऱ्या दिवशी ती बरडकडं निघते. आषाढाच्या सुरुवातीचा तो एक मुक्काम म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचं वर्षाचं कार्य. आमच्या ओसरीवर आणि परसात दरवर्षी वारकरी उतरत. परसातलं जे असेल ते त्या दिवशी पातेल्यात जायचं. अळू खुडून खुडून नुसते देठाचे खुंट राहायचे. चिंच-गूळ घातलेलं, भिजवलेले शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ टाकलेलं अळूचं फदफदं, भाकरी, ठेचा. पालखी गेल्यावर परस बोडकं दिसायचं, त्याचं आक्काला कधी वाईट वाटलं नाही. आषाढात अळू आठवड्याभरात पुन्हा वर येतं.

एका वर्षी मराठवाड्याकडच्या एका म्हातारीनं जाताना लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि आक्काच्या हातावर काळ्या चपट्या बिया ठेवल्या. घोसाळ्याच्या होत्या. "तुमचं खाल्लं, आता हे लावा," एवढंच ती म्हणाली. तिचं नाव गाव आम्ही विचारलं असेल, पण ते राहिलं नाही. बिया लावल्या, वेल न्हाणीच्या छपरावर चढला, भाद्रपदात घोसाळी लागली. पुढच्या आषाढात तीच म्हातारी दिंडीतून वेळ काढून दारात आली आणि पायातलं पायताण काढायच्या आधी तिनं विचारलं, "वेल धरला का?" आक्कानं तिला हाताला धरून मागं नेलं. वेल तर तेव्हा नव्हता, नवी रोपं नुकती दोन पानांवर होती. म्हातारी खाली बसली आणि तिनं त्या पानांवरून बोट फिरवलं. त्यानंतर ती कधी आली नाही. घोसाळं मात्र आमच्याकडं आजही आहे, आणि आम्ही त्याला माउलीचं घोसाळं म्हणतो.

बी धरणं ही आक्काच्या हातची मोठी विद्या होती. वेलाला लागलेल्या पहिल्या फळाला ती हात लावू देत नसे. दुसरं-तिसरं, बुडाशी लागलेलं, सरळ आणि ठसठशीत फळ निवडून त्याला तांबडा दोरा बांधायची. दोरा दिसला की ते फळ कुणी तोडायचं नाही, पाहुणे आले तरी नाही. ते वेलावरच पिकून, वाळून, आत बिया खुळखुळू लागल्या की काढायचं. काकडीच्या, भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापायच्या. पावटा, घेवडा, वाल राखेत घोळून गाडग्यात भरायचे आणि तोंडाशी कडुनिंबाचा पाला. राखेनं किडीला थारा मिळत नाही आणि बी कोरडं राहतं, हे आता कुणीही शेतीखात्यातला माणूस सांगेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर त्यांची मातीची गाडगी आणि राख दिसली. आई एकदम म्हणाली, "हे तर आपल्या आक्काचं फडताळ!" राहीबाईंचं काम फार मोठं आहे, त्यांनी शेकड्यांनी घरांत परसबागा उभ्या केल्या. पण त्या क्षणी आईला आपल्या सासूची आठवण आली आणि ती पदर डोळ्यांना लावून बसली, हे मला त्या पुरस्काराइतकंच खरं वाटलं.

आमच्याकडं भोंडल्याला हादगा म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यात तेच नाव. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. परसाच्या कोपऱ्यात हादग्याचं झाड होतं, उंच, सडपातळ, बारीक पानांचं. त्याची पांढरी वाकडी फुलं नेमकी त्याच दिवसांत येतात. सकाळी फुलं वेचून आतला कडू दांडा काढून टाकायचा आणि कांदा घालून परतायची. संध्याकाळी त्याच झाडाखाली फेर. हस्ताचा पाऊस फेराच्या मध्येच गाठायचा. मोठ्या बायका आत पळायच्या, आम्ही मुली मात्र तिथंच भिजत उभ्या, कारण पावसानं हत्ती पुसला गेला तर तो पुन्हा काढायचा मान भिजणाऱ्या मुलीला मिळे. त्या पावसाची आख्खं घर वाट बघत असायचं. रब्बीची ज्वारी त्यावर, विहिरींचं पाणी त्यावर, आणि आमची खिरापतही त्यावरच: पाऊस चांगला झाला की डब्यात साखरेचं काहीतरी निघे, ओढ असली की भिजवलेली डाळ. मी मोठी झाल्यावर आईला विचारलं, हे मुद्दाम होतं का? ती म्हणाली, "मुद्दाम कशाला? हात आपोआप आखडायचा."

हस्त सरला की करडई. रब्बीच्या ज्वारीभोवती करडईचे तास टाकायची जुनी रीत आहे. तिच्या काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. परसात आम्ही ती लावायचो ती पाल्यासाठी. रोप वीतभर असतानाच खुडायचं, पुढं पानांना काटे धरतात. लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर मूगडाळ, वर ज्वारीची गरम भाकरी. फलटणच्या थंडीची चव मला तरी हीच. पुढं कळलं की आमच्याच गावाशेजारी या करडईवर मोठं काम चाललंय. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. तिथं करडईचे बिनकाट्याचे वाण तयार झाले. काटे गेल्यामुळं पाकळ्या हातानं खुडता येऊ लागल्या आणि त्या पाकळ्यांचा चहाही निघाला. देशभरातले शास्त्रज्ञ लोणंद रस्त्यावरच्या त्या आवारात येत, आणि तिथून थोड्या अंतरावर आक्का काटे धरायच्या आत करडई खुडायची घाई करत असे. त्या वाणाचं मूठभर बी एकदा काकांनी आणलं. आक्कानं ते लावलं, महिन्यानंतर पानावरून हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "शान्या मान्सानं केल्यालं हाय." तिच्या तोंडून ही फार मोठी पावती होती.

निंबकरांच्या घरात जाई निंबकर होत्या, इरावती कर्वे यांच्या कन्या आणि स्वतः लेखिका. त्यांची बहीण गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीला येऊन राहिल्या आणि तिथल्या दिवसांवर त्यांनी 'विंचुर्णीचे धडे' हे पुस्तक लिहिलं. कॉलेजात असताना मुधोजी महाविद्यालयातल्या एका मैत्रिणीकडून आणून मी ते वाचलं. आपल्या या कोरड्या, चुनखडीच्या मुलखाबद्दल कुणी पुस्तक लिहावं, याचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं. ते वाचून मी परसात गेले आणि रोजच्या झाडांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, हे आठवतं.

पुढं घराची वाटणी झाली. भांडण झालं नाही. तिघं भाऊ, वाढलेली कुटुंबं, एक वाडा, तो पुरेना. मोजणी झाली, कागद झाले. परस धाकट्या काकांच्या वाट्याला आलं आणि त्यांना तिथं घर बांधायचं होतं, त्यात गैर काहीच नव्हतं. त्यांची मुलंही मोठी झाली होती. वाटणीच्या कागदात भिंती होत्या, दारं होती, मधला चौक कुणाचा आणि जिना कुणाचा हे होतं. झाडं नव्हती. पाया खणायच्या आधी, वळवाचे दोन पाऊस झाल्यावर, आक्कानं सगळ्यांना बोलावलं. सांगलीची आत्या आली, पुण्याहून चुलतभाऊ आला. आक्कानं स्वतः खुरपं घेतलं. कढीपत्त्याचे फुटवे प्रत्येकाला. मोगऱ्याच्या मुळ्या फोडून तीन ठिकाणी. जाईच्या फांद्या, गवती चहाचे ठोंब, अळवाचे कांदे, केळीचे मुनवे, घोसाळ्याच्या बियांच्या पुरचुंड्या. ज्याला जे हवं ते मिळालं आणि दुसऱ्याचं कमी झालं नाही. जमिनीच्या मोजणीच्या वेळी फुटाफुटाला थांबलेली माणसं त्या दिवशी मातीत बसून एकमेकांच्या पिशव्या भरत होती. धाकट्या काकांनी हादगा तोडला नाही. त्यांनी जिन्याचं तोंड फिरवून घेतलं आणि हादगा बाहेर ठेवला. हादग्याला फार आयुष्य नसतं, काही वर्षांनी तो आपला आपणच गेला. पण त्याच्या शेंगा तोवर आमच्या सगळ्यांच्या घरी पोचल्या होत्या.

आत्याचं सांगलीचं घर कृष्णेपासून लांब नाही. फलटणहून नेलेला मोगरा तिच्याकडं असा फोफावला की आम्हाला हेवा वाटावा. तिकडं नदीकाठच्या मळीची जमीन, कृष्णाकाठच्या वांग्यांना चव देणारी, आणि पाण्याला तोटा नाही. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आत्याच्या घरात छातीएवढं पाणी. माणसं वेळेत बाहेर पडली होती, एवढं नशीब. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, पुस्तकांचे लगदे. घरात चिखलाचा वास भरलेला. आत्या शांत होती. भांडी धुवत होती, कागद सुकवत होती. संध्याकाळी ती मागल्या दाराशी गेली आणि तिथं मात्र तिचा बांध फुटला. मोगऱ्याच्या जागी सपाट राखाडी चिखल होता. ती म्हणाली, "आईनं दिलेलं तेवढंच होतं माझ्याकडं."

आक्का तेव्हा हयात नव्हती. पण तिचा मोगरा होता, आमच्या गच्चीवर, पुण्याच्या भावाकडं, धाकट्या काकूच्या दारात. दिवाळीच्या आधी काकू स्वतः एसटीनं सांगलीला गेली, मांडीवर डालडाचा जुना डबा, त्यात मूळ धरलेला मोगरा. चिखलाचा वास जायला वेळ लागला, पण महापुरानं आणून टाकलेल्या त्या गाळात पुढच्या उन्हाळ्यात झाड भरून फुललं. कमी पावसाच्या गावानं जपलेलं रोप पुराच्या गावाला परत मिळालं. घरातलं एखादं झाड वाटून टाकावं ते कशासाठी, हे मला त्या दिवशी नीट समजलं. एकाच घरात, एकाच आळ्यात राहिलेला मोगरा त्या पुरात कायमचा गेला असता.

आता आमचं घर लक्ष्मीनगरात आहे. परस नाही, गच्ची आहे. गच्चीवर बाग होते का याची मला शंका होती, कारण माती वाहून न्यायची कुणी आणि स्लॅबनं तो भार किती सोसायचा? वाट सापडली ती श्रीपाद दाभोळकरांच्या 'विपुलाच सृष्टी'मुळं. दाभोळकर साताऱ्याच्या घराण्यातले, पेशानं गणिताचे शिक्षक, नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ. प्रयोग परिवाराच्या नावानं त्यांनी शेतकऱ्यांना एकमेकांशी जोडलं, तासगावच्या द्राक्षबागाईतदारांपर्यंत त्यांचं बोलणं पोचलं. झाड मातीपेक्षा उन्हावर जगतं, पान हे ऊन धरणारं यंत्र आहे, म्हणून आपल्या जागेत पडणारं ऊन आधी मोजा, असं ते सांगत. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचा चोथा भरलेल्या पिशव्यांमध्ये आणि पिंपांमध्ये भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. उसाच्या मुलखात राहून चोथ्याला काय तोटा? उन्हाळ्यात फलटणच्या प्रत्येक चौकात रसवंती असते. चोथा फुकट मिळतो. तो थोडा कुजू दिला, त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि दोन मुठी जुनी माती मिसळली की हलकं, भुसभुशीत असं काहीतरी तयार होतं ज्यात मुळं सुखानं पसरतात. आईनं पहिल्यांदा त्या काळ्या भुग्यात हात घातला आणि वास घेतला. "उकिरड्यासारखाच वास हाय की, चांगला," ती म्हणाली.

पाण्याचं मात्र जुनंच. नळ रोज येत नाही. तांदळाचं धुवण अजून कढीपत्त्यालाच जातं. साबण बदलले, न्हाणीचं पाणी आता झाडांना चालत नाही. म्हणून पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी आम्ही पिंपात धरतो, पण तेही खारट, म्हणून साध्या पाण्यात मिसळून आणि फक्त शोभेच्या झाडांना. आमच्याकडं कालव्याखालच्या जमिनी पाणी जास्त आणि निचरा कमी झाल्यामुळं कशा चोपण झाल्या हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. कुंडीतसुद्धा तेच होतं, फक्त लवकर.

चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याला कढीपत्ता हवा होता, आणि आपल्या घरचाच. तो नेता आला नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर राहणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबांच्या बागांत रोग पसरवते, म्हणून तिथं तो बाहेरून न्यायला कडक बंदी आहे. नियम योग्य आहे. त्यानं तिकडंच रोप विकत घेतलं, हिवाळ्यात ते घरात खिडकीशी ठेवतो आणि फोनवर आईला विचारतो, पानं का गळतात? आई सांगते, गळू दे, थंडीत त्याला झोपू दे, पाणी तोड. गेल्या वर्षी त्याच्या कुंडीत फुटवा आला. तो त्यानं शेजारच्या तेलुगू कुटुंबाला दिला आणि त्याचा फोटो आम्हाला पाठवला. आईनं तो फोटो देवघराशेजारी लावलाय.

रोपवाटिकांना माझा विरोध नाही. कोळकीच्या रस्त्यावर चांगल्या रोपवाटिका आहेत, कलमी पेरू आणि डाळिंब मी तिथूनच आणलं आणि ती माणसं मनापासून सल्ला देतात. पण लग्नकार्यात, वाढदिवसाला हल्ली ज्या काचेच्या भांड्यातल्या, रंगीत खड्यांतल्या वनस्पती भेट म्हणून येतात आणि महिन्यात मरतात, त्यांचा मला राग येतो. त्यांच्याबरोबर एक शब्द आलेला नसतो. ज्यानं दिलं त्यालाही त्या झाडाचं नाव माहीत नसतं. घरात झाड यायचं तर त्यानं माणूस घेऊन यावं असं मला फार वाटतं. मग ते जगवायला मन राहतं, आणि मेलं तर पुन्हा मागायला जायला दार राहतं.

म्हणून वाचकांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी थोरलं माणूस असेल तर येत्या मृगाच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि अंगणात, गॅलरीत, गच्चीवर जे काही जुनं आहे ते कुणाकडून आलं हे विचारून घ्या. वहीत लिहा: झाड, देणाऱ्याचं नाव, गाव, आणि तिनं किंवा त्यानं काय सांगितलं होतं ते. आमच्या वहीतल्या मराठवाड्याच्या म्हातारीच्या नावापुढची जागा कोरी आहे आणि ती आता भरता येणार नाही. मग पाऊस झाला की त्यातल्या प्रत्येक झाडाची एकेक फांदी किंवा चार बिया दुसऱ्या गावातल्या आपल्या माणसाला द्या. आणि फलटणला आलात, लक्ष्मीनगरातून जाताना एखाद्या गच्चीवर घोसाळ्याचा वेल दिसला, तर हाक मारा. बी बांधून ठेवलेलं आहे.